ठकीचे पाटे आणि पिंपरखेड्याची मूर्ती

ठकी पहिल्याच हँडलला सुरू झाली आणि मला इतका आनंद झाला की वामनरावांना मी चहाही पुरता पिऊ दिला नाही. ठकी म्हणजे आमची जीप. लष्करानं मोडीत काढलेली, मग एका कंत्राटदारानं पिळून घेतलेली आणि शेवटी माझ्या हट्टापायी आमच्या दारात येऊन उभी राहिलेली. तिच्या अंगावर हिरव्या रंगाच्या तीन छटा आहेत आणि भोंगा तिच्या मनात आलं तरच वाजतो. वामनराव म्हणजे माझे यजमान. ते शाळेत शास्त्र शिकवतात आणि गाडी मी चालवते. हे वाचून ज्यांच्या भुवया वर जातील त्यांनी त्या खुशाल वर न्याव्यात. जालन्याच्या नाक्यावर हवालदाराच्याही गेल्या होत्या.

आम्ही औरंगाबादहून हिंगोलीला निघालो होतो. हिंगोली परभणी जिल्ह्यात, तिथून पुढे सेनगाव, आणि सेनगावच्या पुढे कच्च्या रस्त्यानं पिंपरखेडा. तिथे माझी सख्खी आत्या, सरूआत्या, राहते. पिंपरखेड्याच्या बायांनी शेतातली कामं उरकून, संध्याकाळी दगडमाती वाहून, एक बुद्धविहार उभारलंय. त्या सगळ्यांना उठवणारी, कामाला लावणारी आणि कुरकुर करणारीला गप्प बसवणारी माझी आत्याच. गेल्या वैशाखात तिथे बुद्धाची प्लॅस्टरची मूर्ती आणली, ती वाटेतच फुटली. विहार वर्षभर मूर्तीवाचून राहिलं.

हिवाळ्यात आत्या आमच्याकडे आली तेव्हा ठकीभोवती एक फेरी मारून मला म्हणाली, "कुसे, तुही गाडी हाय ना? मंग या खेपेला मूर्ती तूच आण. साबूत आण."

"आणि नाही आली साबूत तर?" मी आपलं थट्टेत विचारलं.

"तर मी दुसरी मागणार न्हाई," ती म्हणाली. "माह्या सांगण्यावर बायांनी दगडं वाह्यले. दोनदा कोणत्या तोंडानं सांगू?"

ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. वैशाखी पौर्णिमेला, चंद्र उगवायच्या आत मूर्ती विहारात बसवायची असं ठरलं. ती पौर्णिमा आता उद्यावर आली होती.

जालना सोडल्यावर ठकीनं आपला स्वभाव दाखवायला सुरुवात केली. जीपच्या खाली लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले, थोडे वाकवलेले. चाक खड्ड्यात गेलं की हे पाटे वाकतात आणि धक्का पोटात घेतात, निदान घ्यावा अशी अपेक्षा असते. ठकीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. धक्का आला की ते तो सगळा वर पाठवून देत. वामनराव दर खड्ड्याला उडून छताच्या कापडाला डोकं लावून येत होते. मंठ्यापर्यंत ते मोजत होते, पुढे त्यांनी नाद सोडला.

"अगं, या गाडीत मूर्ती न्यायची म्हणजे चाळणीत पाणी न्यायचं," ते म्हणाले.

"म्हणूनच हिंगोलीत पाटे करून घ्यायचेत," मी म्हणाले. मी सगळं ठरवून आले होते. पाटे उघडायचे, गंज काढायचा, मध्ये वंगण भरायचं आणि प्रत्येक चाकाचा एकेक पाटा कमी करून गाडी मऊ करायची. आदल्या महिन्यात मी त्याची चित्रंसुद्धा काढली होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवली होती.

औंढ्याला देवळासमोरच्या झाडाखाली बसून धपाटे आणि दही खाल्लं. धपाटे घरचे, दही तिथलं, मातीच्या गाडग्यातलं, आणि असं घट्ट की चमचा उभा राहावा. पुढे दोन-तीन मैलांवर एक बैलगाडी आस मोडून पडलेली दिसली. नवरा, बायको, म्हातारी आई आणि हळदीची पोती.

"हिंगोलीच्या बाजारात जाऊन राह्यलो होतो, बाई. गाडीनं दगा देल्ला," तो गृहस्थ म्हणाला.

बैल जवळच्या वस्तीवर बांधले, पोती चढवली, माणसं चढली, म्हातारी वामनरावांच्या खांद्याला टेकून बसली. थोड्या वेळानं मागे पाहिलं तर वामनराव हळदीच्या पोत्यावर गाढ झोपलेले. मला मात्र तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. माणूस दमला की झोपतो, एवढंच मी म्हणाले.

हिंगोलीत शिरलं की आधी वास येतो, मग गाव येतं. अडत बाजारात हळदीचे ढीग लागले होते आणि वाऱ्याबरोबर पिवळी धूळ उठत होती. हमालांच्या पापण्या पिवळ्या, कुत्र्यांचे पाय पिवळे. हळदवाल्या कुटुंबाला तिथे उतरवलं. म्हातारीनं जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, तेव्हा माझाही एक गाल पिवळा झाला. वामनरावांनी ते मला संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही.

स्टेशनजवळ गफूरचाचांचा लोहारखाना होता. सगळ्या हिंगोलीत जीपचे पाटे करावेत तर त्यांनीच, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. सगळ्यात जास्त वेळा ते खुद्द चाचांनीच सांगितलं. मेंदी लावलेली दाढी, हातात घण, आणि तोंड घणापेक्षा जोरात चालणारं. ठकीखाली डोकं घालून ते बाहेर आले ते हसतच.

"इसमें पाटे हैं की पापड? बाई, तुमी बेफिकीर जावा. सकाळी गाडी अशी देतो की दुनिया बघेल."

"उद्या फार नाजूक सामान न्यायचंय, चाचा. धक्का लागता कामा नये," मी बजावलं.

"नाजूक सामान? हौ, हौ, समझ गया," ते म्हणाले आणि भात्याजवळ गेले. मी निर्धास्त झाले. माझी ती चित्रं दाखवायची मात्र राहून गेली, कारण भूक लागली होती आणि समोरच्या खानावळीतून तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी दिल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याकडून येणारी छोटी गाडी उशिरा आली, पण आली. मूर्तिकाराचे बंधू नागपूरहून मूर्तीची पेटी घेऊन आले होते. फलाटावर त्यांनी पेटीचं झाकण थोडं उघडून दाखवलं. कापसाच्या गादीत बुद्धाचा चेहरा तेवढा दिसला, मिटलेले डोळे आणि ओठांवर जेमतेम हसू. माझ्या अंगावर काटा आला. एवढा शांत चेहरा ठकीच्या हवाली करायचा होता. हमालांनी पेटी उचलून लोहारखान्यापर्यंत आणली आणि तिथे मी जागच्या जागी थबकले.

ठकी उंच झाली होती. मागची बाजू अशी उचललेली की पायरीवर पाय ठेवायला मला साडी आवरून धरावी लागली.

"पाटे कमी केले ना, चाचा?"

"कमी?" चाचांना धक्काच बसला. "बाई, चार नये डाले! हर चाक को एक. आता या गाडीत पंधरा माणसं बसू द्या, वीस बसू द्या, पोती टाका वरून. जमिनीला टेकली तर माझं नाव बदला."

मी डोक्याला हात लावला. मग हळूहळू उमगलं की चूक त्यांची म्हणावी तर तीही नाही. या भागात जीप म्हणजे आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर बोचकी आणि चालकाच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू. चाचांच्या उभ्या आयुष्यात कुणी जीप रिकामी चालवायची म्हणून आणलीच नव्हती. दोन माणसं आणि एक पेटी घेऊन जीप निघेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"काढा ते परत," मी ओरडले.

"काढतो. पण संध्याकाळ होईल. सगळे पाटे भट्टीत घालून कसून बसवलेत."

संध्याकाळी तर मूर्ती विहारात हवी होती. मी इतकी चिडले की वामनराव हळूच शेजारच्या कुंभाराकडे निघून गेले. परत आले ते दोन मडकी घेऊन. मडक्यांत पाणी भरून त्यांनी ती ठकीत मागे ठेवली, त्यांच्या शाळेतल्या प्रयोगासारखी. "आधी बघू तरी," ते म्हणाले. आम्ही स्टेशनच्या रस्त्यानं एक चक्कर मारली. परत आलो तेव्हा दोन्ही मडक्यांच्या खापऱ्या झाल्या होत्या आणि वामनराव भिजले होते. पेटी ओसरीवर होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला रडू यायला लागलं. आत्याला काय सांगू?

आणि तेवढ्यात मला ते हळदीचं पोतं आठवलं. पोत्यावर झोपलेले वामनराव! सबंध रस्ताभर उडणारा हा माणूस औंढा ते हिंगोली लहान मुलासारखा झोपला होता, कारण गाडी भरलेली होती. ओझं पाट्यांना दाबून धरत होतं, वाकवत होतं, कामाला लावत होतं. रिकाम्या गाडीत ते नुसते ताठ.

"चाचा, माणसं बोलवा!" मी म्हणाले. "तुमच्या पंधरा माणसांची गाडी आहे ना? मग पंधरा माणसं बसवा."

चाचांनी गल्लीकडे तोंड करून अशी हाक मारली की दुकानं सोडून लोक आले. शिंपी आला, पानवाला आला, चहा पिणारे कप घेऊनच चढले. कुंभारानं स्वतःच एक मडकं काठोकाठ भरून मांडीवर घेतलं. मी गाडी काढली. तोच रस्ता, तेच खड्डे, पण ठकी अशी डोलत निघाली की मी आरोळीच ठोकली. खड्ड्यात ती सावकाश खाली बसायची आणि सावकाश वर यायची. परत आल्यावर कुंभारानं मडकं वर धरलं. त्याचं धोतर कोरडं होतं! सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. चाचा सगळ्यांना सांगत सुटले की हे त्यांच्या आधीपासूनच मनात होतं, आणि मी त्यांना सांगू दिलं.

आता प्रश्न एवढाच होता की सेनगावपर्यंत माणसं कुठून आणायची. त्याचं उत्तर एसटी स्टँडबाहेर उन्हात उभं होतं. मी ठकी तिथे नेली, पेटी मध्यभागी गादीवर ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीतून अर्धी बाहेर येऊन ओरडले, "सेनगाव! नर्सी, सेनगाव! फुकट! बसा लवकर!"

बाई ओरडते आहे आणि वर फुकट म्हणते आहे, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं लोकांना वाटलं. कुणी जवळ येईना. शेवटी एक बांगडीवाली पुढे आली. डोक्यावर काचेच्या बांगड्यांची टोपली, नाव हुसेनबी. तिनं गाडीत डोकावून पेटीकडे पाहिलं.

"इसमें क्या है?"

मी खरं ते सांगितलं. मूर्ती, मागच्या वर्षी फुटलेली मूर्ती, पाटे, सगळं.

"मंग काहून ओरडून राहिल्या? असं सांगावं ना," ती म्हणाली (काहून म्हणजे कशासाठी). "मी जन्मभर काच घेऊन फिरून राह्यले. भरल्या गाडीतच बसते मी, खाली, रिकाम्या गाडीत माल फुटतो." मग तिनंच वळून स्टँडवरच्या लोकांना हाका मारल्या आणि बघता बघता ठकी भरली. वामनरावांना पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ते मागे लटकले आणि मला फार बरं वाटलं.

कयाधू नदीच्या पात्रात वाळू तापली होती. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी पडलेली काळी रानं, बांधावर बाभळी, मधूनच एखादा हिरवागार कडुनिंब. गरम वारा तोंडावर येत होता आणि मी गात होते. हुसेनबी पेटीवर एक हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला "आहिस्ता, बाई, आहिस्ता" म्हणत होती. नर्सीला काही माणसं उतरली तशी ठकी थोडी ताठ झाली. मी लगेच ओरडून नवी माणसं भरली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला खिशातून भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

सेनगावला मात्र गाडी भराभर रिकामी झाली. बाजाराचा दिवस होता, कुणाला पुढे जायचं नव्हतं. हुसेनबीलाही तिथेच बसायचं होतं. उतरताना तिनं पेटीला हात लावून तोच हात कपाळाला लावला. आता सर्वांत वाईट रस्ता उरला होता आणि गाडीत आम्ही दोघंच होतो. फाट्यापर्यंतचा तुकडा बरा होता, तो मी माणूस चालतो तितक्या सावकाश काढला. तरी पेटी दोनदा हलली. दोन्ही वेळा मी उतरून ती पुन्हा गादीवर नीट बसवली.

फाट्यावर पिंपरखेडा आम्हाला न्यायला आलं होतं. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, निळे झेंडे, ढोल, हलगी. गाडी दिसताच "जयभीम!" असा गजर झाला आणि ढोल कडाडला. सगळ्यांच्या पुढे सरूआत्या. काटकुळी, ताठ, डोळे पेटीवर.

मी उडी मारून खाली उतरले. "आत्या, सगळ्यांना गाडीत बसायला सांग. आत्ताच्या आत्ता."

"गाडीत?" एक बाई म्हणाली. "आमी पायी चालणार. भगवंताच्या बराबरीनं गाडीत कसं बसावं, बाई?"

"मिरवणूक काढायची हाय," ढोलवाला म्हणाला. "आमी म्होरं वाजवत चालतो, तुमी मागून या."

मी पाटे समजावून सांगितले, मडकी सांगितली, कुंभाराचं कोरडं धोतर सांगितलं. लोक माझ्याकडे ऊन लागलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायला लागले. वामनराव शास्त्र सांगू लागले तेव्हा तर हलगी पुन्हा सुरू झाली. मी रडकुंडीला येऊन आत्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. वर आलेली, अणकुचीदार खडी गावापर्यंत पसरलेली होती.

आत्यानं हात वर केला. हलगी थांबली.

"ही खडी आपुनच फोडली," ती म्हणाली. "दुष्काळात. डांबर टाकतो म्हणले, आलं न्हाई. मागच्या साली आपुन म्होरं वाजवत चाललो, नाचत चाललो. अन् मागं गाडीत मूर्ती फुटून राह्यली होती. कोणाले ऐकू आलं? कोणाले बी न्हाई. मले बी न्हाई." तिनं ढोलवाल्याकडे पाहिलं. "ढोल गाडीत ठेवा. अन् बसा सगळे."

कुणी हललं नाही. ती बाई पुन्हा पुटपुटली, "पण बराबरीनं..."

"भगवान बुद्धानं बराबरीनंच बसा म्हणून सांगतलं का न्हाई?" आत्या म्हणाली आणि जन्मात कधी जीपमध्ये न बसलेली माझी आत्या माझा हात धरून आधी चढली. पेटीच्या उशाशी बसून तिनं तिला दोन्ही हातांनी कवटाळलं.

मग सगळेच चढले. बाया आत, बाप्ये मागे आणि बाजूला, ढोलवाला बॉनेटवर, मला समोरचं दिसेल एवढी फट ठेवून. ठकी कण्हली, खाली बसली, आणि चाचांचे पाटे काही जमिनीला टेकले नाहीत. मी पहिला गिअर टाकला. वाद्यं नाहीत, बोलणं नाही. एवढी माणसं आणि फक्त इंजिनाचा आवाज. प्रत्येक जण कान देऊन बसला होता. मोठा दगड आला की सगळी गाडी एकदम श्वास रोखायची, ठकी खाली जायची, वर यायची, आणि आत्या पेटीला कान लावून म्हणायची, "चाल." आत्या "चाल" म्हणाली की मी पुढे.

विहाराच्या दारात पेटी उतरवली तेव्हा सूर्य कलला होता. आत्यानं स्वतः झाकण काढलं, कापूस बाजूला केला. कपाळ, नाक, कान, मान. तिची बोटं आंधळ्यासारखी फिरत होती. मग मांडीवर ठेवलेले ते दोन हात, एकेक बोट. शेवटी तिनं वर पाहिलं.

"साबूत हाय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसून लहान पोरीसारखी रडायला लागली. आणि मग जो ढोल वाजला, तो वाजला! मी नाचले, वामनराव नाचले, शास्त्र शिकवणारा माणूस इतका वाईट नाचतो हे मला त्या दिवशी कळलं. चंद्र उगवला तेव्हा विहारात बुद्धवंदना चालू होती आणि बाहेर कढईत गव्हाची खीर रटरटत होती. तीन वाट्या खीर खाल्ल्याचं मला सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना आत्या आमच्या आधीच ठकीत जाऊन बसली होती.

"तू कुठे निघालीस?" मी विचारलं.

"फाट्यापस्तोर येते. खाली गाडी लई आदळती म्हणली ना तू? तेवढंच वजन."

माझ्या आत्याचं वजन ते किती! अर्ध्या पोत्याहून कमीच भरेल. ती बसल्यानं ठकीचे पाटे तसूभरही वाकले नाहीत, आम्ही फाट्यापर्यंत आदळतच गेलो. तरी "बरं वाटलं का आता?" असं ती विचारत होती, आणि मी दर वेळी "खूप फरक पडला, आत्या" म्हणत होते. फाट्यावर ती उतरली, पदर सावरला, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत उन्हात उभी राहिली.

औरंगाबादला आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं ठकीखाली बघून जादाचे पाटे काढू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. तेव्हापासून कुठेही निघालो की वाटेत उभं असलेलं माणूस आम्ही उचलतो, आणि मागची एक जागा मात्र वामनराव कुणालाच देत नाहीत. ती आत्याची आहे, असं ते सांगतात. एखाद्या रिकाम्या रस्त्यावर ठकी आदळली की मी मागे वळून त्या जागेकडे बघते आणि म्हणते, "चाल."